दुसऱ्या भागातलं भांडण

परभणीच्या टॉकीजमध्ये मी कराटेच्या सिनेमाचा दुसरा भाग बघत होते. शेजारी मेंढरं राखणारे एक म्हातारबा गुडघ्यांत काठी धरून बसले होते. पडद्यावर दोन जुने वैरी इज्जतीसाठी भिडण्याआधी एकमेकांना वाकून नमस्कार करत होते.

"आक्का, भांडण कशाचं हाय?" म्हातारबांनी विचारलं.

"पहिल्या भागात असंल. म्या न्हाई पाह्यला."

"ह्यायला तरी कुटं आठवायलंय!" म्हातारबांनी पडद्यावरच्या दोघांकडं बोट केलं.

मी हसले, मग माझंच भांडण आठवलं. तरुणपणी मी फार मानी, म्हणजे मूर्ख. थोरल्या जाऊबाईंशी अबोला धरला, तो अजून चालूच. दर सणाला त्यांच्या पाया पडायचे, पण तोंडातून शब्द नाही. कारण मात्र आठवेना.

घरी येऊन फोन लावला. "जाऊबाई, आपलं कशावरून वाजलं होतं?"

त्यांना सगळं पाठ होतं. तीस वर्षांनी त्या माझ्याशी पाऊण तास बोलल्या. नुसत्या शिव्याच दिल्या, पण बोलल्या.