प्लायचे थर आणि वामनमिस्त्री

चौलच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मुद्दाम बसून किस्से कुणी सांगत नाही. चहा येतो, मशीन बंद होतं, कुणीतरी म्हणतं, "ती अलिबागची भिंत आठवते?" आणि मग एकातून दुसरा निघत जातो. बाहेरच्यांना वाटतं, सुतारकामात एवढं हसण्यासारखं काय असतं! खरं सांगायचं तर निम्मे किस्से हसण्यासारखे नाहीतच.

आम्ही तिघं. मी डिझाइन करते, म्हसळ्याची नसीम कॉम्प्युटरवरून कटिंग मशीन चालवते आणि वामनमिस्त्री जोडतात. प्लायचे आकार कापायचे, थरावर थर रचायचे, मध्ये हवी तेवढी फट ठेवायची. त्यातून भिंती, काउंटर, मंडप उभे करायचे.

* * *

ती अलिबागची भिंत आमचं पहिलं काम. लाटेसारखी वळणारी. प्लाय अठरा मिलिमीटरचा, म्हणून मी खाचाही मोजून अठराच्या काढल्या. भर पावसाळ्यात साइटवर जोडायला गेलो, तर एकही फळी खाचेत शिरेना!

मी चिडले. "मिस्त्री, ड्रॉइंग शंभर टक्के बरोबर आहे!"

"आसंल की. ड्रॉइंग तुमच्या एसीत व्हतं, मॅडम. प्लाय माझ्यासंगं भायेर भिजत व्हता!"

चार दिवस आम्ही तिघं पॉलिशपेपर घेऊन खाचा घासत बसलो होतो.

* * *

मिस्त्रींच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. ती आमच्याच वर्कशॉपमध्ये गेली, माझ्या घाईपायी. एका ऑफिसचं उद्घाटन होतं आणि "आज संपवाच" म्हणत मी त्यांच्या डोक्यावर उभी होते. त्यांच्या हातातला कटर चालू होता. पुढचं मी सांगत नाही.

नसीमने ओढणी फाडून हात बांधला. गाडीत मी रडत होते. मिस्त्री पांढरेफटक पडले होते, पण बोलले एवढंच, "नसीम, फळी सरळ कापली का गं?"

"हो काका, एकदम सरळ."

तिने फळीकडे पाहिलंही नव्हतं.

तीन महिन्यांनी ते कामावर आले. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं, "थरांमध्ये गॅप किती ठेवणार?"

"दोन बोटं," मिस्त्री म्हणाले. "माझी न्हाय. तुमची!"

तो माणूस कसनुसा हसला. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

* * *

एका रिसॉर्टवाल्याला मुलांसाठी प्लायचं खेळघर हवं होतं. आडवे थर, मध्ये मोठमोठ्या फटी, "म्हणजे समुद्र दिसेल." मिस्त्रींनी एक सोललेला नारळ आणला आणि नमुन्याच्या फटीतून आरपार घातला.

"ह्यो जातो. म्हंजे पोराचं अंग शिरंल आन् डोकं अडकंल. नारळ जाता नये."

मालक वैतागला. "मला नारळ ठेवायचे नाहीत, फोटो काढायचेत!" काम त्याने दुसऱ्याला दिलं.

दोन महिन्यांनी त्याचा फोन. सकाळी माळ्याला खेळघरात शेजारच्यांची बकरी लटकलेली सापडली होती, मान फटीत. त्या दिवशी हॉटेलात अकरा मुलं उतरली होती. मग हळूच म्हणाला, "मिस्त्रींना पाठवा. नारळ घेऊन."

* * *

आणि एक त्या वाडीचा. पावसात डोंगर खाली आला आणि वाडी त्याखाली गेली. वाचलेल्यांना सपाटीवर नवी घरं मिळाली. तिथल्या गुरुजींच्या मनात आलं, जुन्या वाडीचं मॉडेल शाळेत असावं. डोंगराचे प्लायचे थर, त्यावर लाकडाची चिमुकली घरं.

पहिल्या नमुन्यात मी सहा मिलिमीटरच्या प्रत्येक थरामागे तेवढीच फट ठेवली. त्याने डोंगर दुप्पट उंच होतो, आत सावली पडते, छान दिसतो. तो बघायला त्या वाडीतल्या यशोदाबाई आल्या. डोंगर खाली आला त्या दिवशी त्या माहेरी गेल्या होत्या म्हणून वाचल्या. नवरा आणि सून घरात होते.

त्यांनी मॉडेल सगळीकडून पाहिलं. "आमचा डोंगर येवढा उभा नव्हता, बाय. आसता तर आमी त्याच्या पायाशी ऱ्हायलो आसतो का?"

मी फटी काढून टाकल्या. थर थरावर टेकवले, मध्ये लाकडी खुंट्या, म्हणजे टेम्पोतून सुटे नेता येतील.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही मॉडेल मांडलं. गुरुजी हार आणायला गेले. यशोदाबाईंनी आपलं घर शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि मिस्त्रींना विचारलं, "ह्ये थर निघतात?"

"निघतात, वयनी."

त्यांनी माथ्याचा थर उचलला, बाजूला ठेवला. मग त्याखालचा. मग त्याखालचा. आम्ही कुणी पुढे झालो नाही. घराच्या वरचे सगळे थर एकेक करून त्यांनी भिंतीला टेकवून ठेवले. मागे उरलं मोकळं अंगण आणि घर. मग त्या शेजारी खाली बसल्या.

तेवढ्यात गुरुजी आले, हातात हार. "अहो, डोंगर कुठंय?"

मिस्त्रींनी ते थर उचलून खांद्यावर घेतले.

"डोंगर नीट बसत न्हाय, गुरुजी," ते म्हणाले. "परत नेतो."