निलमची तीन बोटं

निलम सहा वर्षं माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. मूळची सायवनची. डहाणूत दागिन्यांच्या एका कारखान्यात ती प्रेसवर कामाला आहे. पितळेच्या पत्र्यातून कानातल्यांची फुलं पाडायची, दिवसभर तेच. तिसऱ्या वर्षी प्रेसने तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट नेलं. हात बरा झाल्यावर ती कामावर गेली, तर मालक म्हणाला, आता पॅकिंगला बस. ही म्हणाली, "ज्यांना प्रेस येत नाय, त्यांना बसवा पॅकिंगला." आणि आपल्या जुन्या मशीनवर जाऊन बसली.

मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे न विचारता दुसऱ्याचं भलं करायची खोड अंगात भिनली आहे. तिच्या चुलत बहिणीच्या लग्नात फोटो काढताना बायकांनी तिला हात पदराआड घ्यायला लावला, हे ऐकून माझा जीव तुटला. मी वापीच्या कृत्रिम अवयवांच्या एका शिबिरात खेटे घातले आणि तिच्यासाठी रबराची दोन बोटं करून आणली. अगदी खरी वाटावीत अशी, नखांसकट. तिने ती दोन दिवस घातली आणि काढून ठेवली. मला भयंकर राग आला. एवढी वणवण मी कोणासाठी केली होती?

मागच्या दिवाळीत माझ्या मुलाने, दर्शनने, तिच्या मोबाइलवर एक लढाईचा गेम टाकून दिला. त्यात खेळण्याआधी आपला माणूस आपणच घडवायचा असतो. नाक, डोळे, रंग, केस, अगदी चालण्याची ढबसुद्धा. दर्शन रेल्वेत आहे, बुटाची नाडी बांधताना त्याला धाप लागते. त्याने पाच मिनिटांत स्वतःचा माणूस केला: सहा फूट उंच, निळे डोळे, पोट सपाट. मी हसून हसून बेजार झाले.

निलमला तीन आठवडे लागले. कामावरून आली की ओट्यावर बसायची. नाक बसकं केलं. आपल्यासारखा काळा रंग मिळेपर्यंत एकेक छटा लावून पाहिली. केस चापून मागे नेले, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके दिले. एका संध्याकाळी तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. हुबेहूब निलम, हातात भाला घेऊन उभी.

"झालं की! आता खेळ," मी म्हटलं.

"हात कुठे झालाय?"

हातासाठी मोजे होते, कडी होती, नखांना रंग होते. डोक्याला शिंगं लावता येत होती, मागे शेपटी लावता येत होती. तीन बोटांचा हात मात्र एकाच ठिकाणी सापडला, राक्षसांच्या यादीत.

"तोच घे मग. गेमच तर आहे."

"मी राक्षस नाय, बाई."

"बरं, मग पाच बोटांचा घे. इथे तरी हौस भागव."

तिने मोबाइल खाली ठेवला. "मला पाच बोटांची हौस हाय, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मी आपलं धरूनच चालले होते. मला लाज वाटली, पण तोंडाने मी काही कबूल केलं नाही.

मग तिने मला कामाला जुंपलं. गेमच्या कंपनीला पत्र लिहायचं, इंग्रजीत. ती सांगणार, मी लिहिणार. 'शिंगं देता, मग तीन बोटं का देत नाय?' मी सवयीने 'नम्र विनंती' लिहायला गेले, तर म्हणाली, "विनंती नको. विचारा." पहिल्या तीन पत्रांना ठरावीक आभाराचं उत्तर आलं. तोवर तिने गेम सुरू केला नाही. दर्शन रोज चिडवायचा, "तुझी ती गेममधली बाई म्हातारी होईल उभी राहून." ती म्हणायची, "होऊ दे. पण माझ्या हाताने लढेल."

चौथ्या पत्राला माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. मोठं गोड होतं. सध्या असा हात देणं शक्य नाही, पण एक लांब झगा आहे, तो घातला की हात दिसतच नाही, आणि तो आम्ही तुम्हाला फुकट देऊ.

मला आनंदच झाला. "अगं, फुकट देतायत! घे की!"

निलम म्हणाली, "लिहा, बाई. झगा तुमच्याकडेच ठेवा. माझा हात झाकायचं काम इथली सगळी माणसं फुकटच करतात."

मी लिहायला लागले. 'सगळी माणसं' इथे माझी बोटं थांबली. मी वर पाहिलं. वाटलं, आता ती म्हणेल, तुम्ही सोडून, बाई.

ती काही म्हणाली नाही. मी 'सगळी' हा शब्द तसाच लिहिला आणि पत्र पाठवून दिलं.