बिनविरोध बेट

न्हावऱ्याच्या दूध सोसायटीचे चेअरमन सपत्नीक डेन्मार्कला जाणार अशी बातमी तालुक्यात पसरली, तेव्हा डेन्मार्क कुठे आहे याची चौकशी कुणी केली नाही. चौकशी झाली ती एवढीच, की यांनाच का.

कारण साधं होतं. तिकडच्या शेतकऱ्यांच्या एका संघटनेने आपल्याकडच्या काही शेतकरी जोडप्यांना बोलावलं होतं, आणि ज्यांच्या हाती नावं सुचवण्याचं काम होतं ते चेअरमनांच्या ओळखीचे होते. राहण्याची सोय शेतकऱ्यांच्याच घरी होती. त्यामुळे अट अशी, की नवरा-बायकोने मिळून यायचं. एकट्या माणसाला आमंत्रण नव्हतं. ही अट नसती तर आपण सोबत व्हाइस चेअरमनला नेलं असतं, असं चेअरमन चारचौघांत सांगत. त्यांच्या पत्नी तेव्हा त्याच चारचौघांना चहा देत असत.

मी त्या वर्षांत, म्हणजे बहात्तरचा दुष्काळ ओसरल्यानंतर, पुण्याच्या एका दैनिकाचा शिरूर-दौंड भागातला वार्ताहर होतो. अपघात, बाजारभाव आणि सत्कार हा माझा विषय. चेअरमनांनी मला बोलावून घेतलं ते तिसऱ्या कारणासाठी. परदेशवारीचा कार्यक्रम ठरवायला बैठक होती आणि बैठक म्हटली की बातमी लागते.

पत्रात असं होतं, की सुरुवातीचे दिवस संघटना तुम्हाला आपल्या डेऱ्या आणि गोठे दाखवील. त्यानंतर ग्रामीण भागात काय पाहायचं ते दोघांनी मिळून ठरवावं आणि कळवावं. निवडीला सोपं जावं म्हणून रंगीत चित्रांचं एक पुस्तक सोबत जोडलं होतं. चेअरमनांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. ‘दोघांनी मिळून’ म्हणजे आपण आणि संचालक मंडळ, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

पत्र वाचून दाखवणारा होता सोसायटीचा सेक्रेटरी. बौद्धवस्तीतला, बी.कॉम. झालेला, सोसायटीत इंग्रजी येणारा एकटाच. ओसरीवर सतरंजी अंथरली होती. तो पायरीवर बसला होता. चहा आला तेव्हा सगळ्यांना कपबशा आल्या, त्याचा कप गोठ्याच्या कोनाड्यातून आला. चहा झाल्यावर तो त्याने स्वतः विसळून परत तिथे ठेवला. कुणी तसं सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं.

केंदूरच्या संचालकांना एक शंका होती.

“चेरमन, गोऱ्याच्या घरात ऱ्हायचं म्हंजी त्याच्याच चुलीवरचं खायचं की. त्यो कोन, कुठला, काय म्हाईत?”

उत्तर आप्पांनी दिलं. आप्पा म्हणजे न्हावऱ्यातले मोठे ऊसवाले, चेअरमनांच्या विरोधी भावकीतले, पण सध्या सोबत. ते म्हणाले, “परदेशात चालतंय. तिथं कोन कुनाचं बघतंय?”

सगळ्यांना ते पटलं. सेक्रेटरीने पुस्तकाचं पान उलटलं.

या भागात सोसायटीच्या निवडणुकीचं पॅनेल कसं बनतं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला पुढचं वेगळं सांगायला नको. प्रत्येक भावकीला एक माणूस, प्रत्येक गावाला एक माणूस, नाराजाला एक माणूस. मग हे सगळे मिळून काम काय करणार, हा प्रश्न पॅनेल निवडून आल्यावरही कुणी विचारत नाही. डेन्मार्कचा कार्यक्रम याच पद्धतीने बनला. आप्पांनी बीटापासून साखर काढणारा कारखाना मागितला. ऊसवाल्यांना तोंड दाखवायला काहीतरी हवं होतं. केंदूरकरांना कांद्याची वखार हवी होती. चेअरमनांच्या मेव्हण्यांना खुटबावहून मुद्दाम बोलावलं होतं, कारण भीमा ओलांडून दौंड तालुक्यातही चेअरमनांना माणसं जोडून ठेवायची होती. मेव्हण्यांनी वळू मागितला.

“खुटबावात नव्या जातीच्या गाई यायल्यात, दाजी. वळू बघून या. गावाला सांगायला बरं पडंल.”

“बघून या म्हंजी नुसता बघायचा?” केंदूरकर म्हणाले. “त्याच्यासंगं फोटू काढा.”

“फोटू काढतो की. कोन वळू ते खाली लिवायला लागंल तेवढं,” आप्पा म्हणाले.

हसून झालं. लोण्याचा मोठा कारखाना चेअरमनांनी स्वतःसाठी ठेवला. पुस्तकात डुकरांच्या गोठ्याचंही एक चांगलं पानभर चित्र होतं. ते पान आप्पांनी लगेच उलटायला लावलं. तेवढ्यात घरातून आवाज आला.

“एक माझं बी घाला त्यात.”

चेअरमनांच्या पत्नी उंबऱ्याशी उभ्या होत्या. घरच्या म्हशींची धार त्या काढत. चांगल्या दुधासाठी सोसायटीत चेअरमनांचा सत्कार झाला होता, त्याची बातमी मीच दिली होती. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. पुस्तक त्यांनी आधीच पाहिलं असावं, कारण सेक्रेटरीला कितवं पान काढायचं ते त्यांनी बोटाने दाखवलं.

पानावर एका लहान बेटाचं चित्र होतं. समोर समुद्र, काठाला एक लाकडी बाक, बाकावर कुणी नाही. सेक्रेटरीने खालचा मजकूर मराठीत सांगितला. बोटीने जावं लागतं, थोडीशी घरं आहेत, मोटारी नाहीत. पाहण्यासारखं विशेष काही नाही, शांतता आहे.

“तिथं हाय काय?” चेअरमनांनी विचारलं.

“काय न्हाई, म्हनत्यात की. म्हनूनच.”

“आन् करायचं काय तिथं?”

“बसायचं.”

ओसरी हसली. आप्पा म्हणाले, “वहिनी, बसायला एवढ्या लांब कशाला? आपल्या यष्टीच्या थांब्यावर बाक हाय की.”

“त्या बाकावर बाई बसल्याली कवा बघितलीया का तुमी, आप्पा?”

आप्पांनी विचार केला. खरोखरच केला, तेवढा वेळ गेला. मग चेअरमन म्हणाले, “बरं, बघू.”

आमच्या भागात ‘बघू’ म्हणजे नाही. त्या आत गेल्या. चहाची दुसरी खेप आली तिच्यात साखर नव्हती. ऊसवाल्यांसकट सगळ्यांनी ती गुपचूप प्यायली.

निघताना मी मागच्या अंगणातून सायकल काढत होतो. तिथे त्या भावाला गाठून उभ्या होत्या.

“तुझा वळू काढ. माझं ते घाल.”

“आक्का, गावाला काय सांगू मी? बहिनीला बाकावर बसायचं व्हतं म्हनून वळू ऱ्हायला?”

“व्हय, तसंच सांग. माझं लगीन झाल्यापून मी कुठं गेलीया? खुटबाव, न्हावरं. न्हावरं, खुटबाव. ते बी कुनाचं लगीन असलं, न्हाईतर कुनी मेलं तर. जिथं जाईल तिथं पदर खोचून कामाला. तिकडं बी ह्यांच्या मागं हार धरून हुबी ऱ्हाऊ? एक जागा दे मला, जिथं ह्यांचं काय काम न्हाई.”

मेव्हण्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. यादी वळूसकट गेली. बेट तिच्यात नव्हतं.

संघटनेचं उत्तर आलं ते सभ्य भाषेत होतं. त्यातला अर्थ मात्र सभ्य नव्हता. तुम्ही मागितलेली ठिकाणं देशाच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत, त्यांपैकी काहींच्या मध्ये समुद्र आहे, आणि त्या दिवसांत ती पाहून होणार नाहीत. पुस्तकाच्या शेवटी नकाशा दिलेला आहे. कृपया एकच ठिकाण निवडावं आणि पती-पत्नी दोघांच्या सहीने कळवावं.

नकाशा खरंच होता. ठिकाणं भावकीनुसार निवडली असल्यामुळे तो पाहायची गरज कुणाला वाटली नव्हती.

दुसरी बैठक पहिल्यासारखी हसरी झाली नाही. सोसायटीची निवडणूक जवळ होती आणि एका ठिकाणाला होकार म्हणजे बाकीच्यांना नकार. आप्पांनी स्पष्ट सांगितलं, “बीट न्हाई तर आमी बी न्हाई.” केंदूरकर म्हणाले, कांदा वगळला तर केंदूरचं दूध कुठे घालायचं ते केंदूर ठरवील. मेव्हणे म्हणाले, आपण घरचेच, आपला आग्रह नाही, फक्त खुटबावला सत्काराचा मांडव सांगून ठेवलाय तो मोडावा लागेल. चेअरमनांनी लोण्याच्या कारखान्याचं नाव काढलं, तेव्हा तिघांचं प्रथमच एकमत झालं. डेऱ्या तर ते आधीच पाहणार होते, तो कारखाना कशाला? चिठ्ठ्या टाकायचं निघालं. पण चिठ्ठ्या चेअरमनांच्या घरात, चेअरमनांच्या टोपीत पडणार म्हणून तेही बारगळलं.

बैठक मोडण्याआधी माणसं जशी आपापल्या चपला कुठे आहेत ते पाहतात, तसं सुरू झालं.

“ज्याच्या मागं कुनीच न्हाई, असं एकच ऱ्हायलंय,” चेअरमनांच्या पत्नी उंबऱ्यातून म्हणाल्या.

या वेळी कुणी हसलं नाही. सगळे मनात हिशेब करत होते आणि तो करताना चेहऱ्यावर दिसत होता. बेटावर ऊस नाही, बीट नाही, कांदा नाही, वळू नाही. बेट पाहिल्याने कुणाचंच वजन वाढत नव्हतं.

“चालंल,” आप्पा म्हणाले. “त्यात केंदूरचा काय फायदा न्हाई.”

“आन् उसाचा बी न्हाई,” केंदूरकर म्हणाले.

“आमची तर बहीनच हाय,” मेव्हणे म्हणाले. मागच्या वेळी ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती.

बेट बिनविरोध निवडून आलं. टाळ्यासुद्धा झाल्या. उंबऱ्यातल्या बाईंनी फक्त पदर सारखा केला. त्या आत गेल्या नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना आपली माणसं माहीत होती.

कारण बिनविरोध आलेल्याला लगेच कामाला लावायची आमच्याकडे पद्धत आहे. चेअरमनांनी सेक्रेटरीला मजकूर सांगायला सुरुवात केली. बेटावर सरपंच असेलच, तर त्याचा फेटा बांधून सत्कार करण्याची इच्छा आहे. दूध संस्था असल्यास भेट घडवावी. नसल्यास का नाही, याची माहिती मिळावी. आप्पांनी मध्येच, बीटाचं एखादं रान दिसलं तर थांबावं, एवढं घालायला लावलं. केंदूरकरांनी कांद्याचं बी सोबत देण्याची तयारी दाखवली. गावातल्या तरुणांची सभा घेता येईल का, हे मेव्हण्यांनी सुचवलं. सेक्रेटरी खाली मान घालून लिहीत होता. लिहिता लिहिता बेटावर उभं राहायलाही जागा उरली नाही.

चेअरमनांनी सही केली आणि पेन पत्नीकडे दिलं.

“काय लिवलंय ते वाचा आधी,” त्या सेक्रेटरीला म्हणाल्या.

त्याने सगळं मराठीत वाचलं, आवाज न बदलता.

“ते फेट्याचं खोडा. डेरीचं खोडा. सभेचं खोडा. बीट, कांदा, समदं खोडा.”

सेक्रेटरीने चेअरमनांकडे पाहिलं.

“अगं, नुसता एक फेटा,” चेअरमन म्हणाले. “सरपंच भेटला तर काय मोकळ्या हातानं ऱ्हायचं? रीत असती.”

“मंग तुमी जावा आन् बांधा. मी येत न्हाई.”

त्या आल्या नाहीत तर चेअरमनही जाणार नव्हते, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तालुक्याला कळवून झालं होतं. शिरूरला एक सत्कार होऊनही गेला होता.

“पाव्हनं, समजवा की तुमच्या बहिनीला.”

मेव्हणे छताचे वासे पाहू लागले. आप्पांच्या तोंडावर मला तरी आनंद दिसला. विरोधी भावकीचा माणूस सोबत आला तरी सगळाच येत नाही.

“खोडा,” चेअरमन म्हणाले.

सेक्रेटरीने पट्टी लावून ओळी खोडल्या. त्यात गरजेपेक्षा जास्त काळजी घेतली, असं मला वाटलं. मग बाईंनी पेन घेतलं आणि नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं जोडून सावकाश सही केली. पाच पुरुष ती सही पुरी होईपर्यंत वाट पाहत होते.

ते परतले तेव्हा दौंड स्टेशनवर बँड होता. मुंबईहून आलेल्या गाडीतून चेअरमन उतरले ते हार घालायला मान पुढे करूनच. फलाटावरच छोटं भाषण झालं. तिकडचा शेतकरी किती कष्टाळू, तिकडची गाय किती शिस्तीची. माझ्या दैनिकाने दुसऱ्या दिवशी छापलं, की चेअरमन महोदयांनी परदेशातील निवडक ग्रामीण स्थळांची बारकाईने पाहणी केली. मी लिहिलेला ‘सपत्नीक’ हा शब्द जागेअभावी गेला.

भाषण चालू असताना त्या सामानापाशी एकट्या उभ्या होत्या. मी विचारलं, बेट कसं होतं.

“चित्रात व्हतं तसंच. बाक बी व्हता.”

“बसलात?”

“बसले की. दोन दिस बसले.”

“आणि चेअरमन?”

“ते सरपंच हुडकत हिंडले. तिथं सरपंच नसतोय म्हनं. मंग बोट चालवनारा म्हातारा सापडला, त्याला फेटा बांधला. ट्रंकंत लपवून आनला व्हता.”

“त्याला कसा दिसला फेटा?”

“मला काय म्हाईत?” त्या म्हणाल्या. “मी तिकडं पाठ करून बसले व्हते.”