ड्यूटीभाऊंचं रविवारचं पत्रक

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत ड्यूटीभाऊ म्हणते. बस डेपोत ते कारकून आहेत. उद्या कोणत्या गाडीवर कोणता चालक, कोणता वाहक, कोण किती वाजता सुटणार, कुणी आजारी पडलं तर राखीव कोण, हे सगळं एका लांबरुंद कागदावर मांडायचं आणि दुपारी चारच्या ठोक्याला फलकावर लावायचं, हे त्यांचं काम. अठ्ठावीस वर्षं ते हेच करत आले आहेत. त्यांच्या खिशाला कायम दोन पेन्सिली असतात, एक लाल आणि एक निळी. चालक-वाहक त्यांच्यावर रुसतात, भांडतात, पण भाऊंनी आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं अजून कुणी म्हटलेलं नाही. त्यांचा नियम एकच. पत्रक लागलं की बदल नाही. बदल हवाच असेल तर दोघांनी आपसात ठरवायचं आणि पत्रकाखाली दोघांनी सह्या करायच्या.

घरी मात्र या कामाची झळ वहिनींना बसते. वहिनी म्हणजे भाऊंची बायको. गावाबाहेरच्या मोठ्या बागेत दर वर्षी थंडी ओसरता ओसरता तीन आठवडे फुलांचा उत्सव भरतो. त्या तिन्ही रविवारी डेपोतून जादा गाड्या सुटतात. जादा गाड्या म्हणजे जादा पत्रकं, आणि जादा पत्रकं म्हणजे भाऊ कामावर. त्यामुळे उत्सवाला घरचे सगळे जायचे आणि भाऊ जायचे नाहीत. बागेच्या फाटकाशी एक फोटोग्राफर उभा असतो. वहिनींच्या शोकेसमध्ये गेल्या वर्षापर्यंत त्याने काढलेले अकरा फोटो एका ओळीत ठेवलेले होते. पोरं मोठी होत जातात, सासूबाई वाकत जातात, मग जावई येतो, मग नात येते, आणि भाऊ अकरापैकी एकाही फोटोत नव्हते.

"परवा त्या फोटोवाल्याने विचारलं, ताई, मिस्टर परगावी असतात का?" वहिनी मागे एकदा मला सांगत होत्या.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नाही हो, इथेच असतात. पण ते गाड्यांचे मिस्टर आहेत." वहिनी हसल्या. मग पदराने शोकेसची काच पुसत म्हणाल्या, "बाई, मला फुलांचं एवढं काही नाही. पण एकदा तरी त्यांनी माझ्याबरोबर तिथे यावं. दर वर्षी शब्द देतात आणि आदल्या दिवशी कुणाच्या तरी घरी लग्न निघतं, नाहीतर कुणाचं तरी बाळ आजारी पडतं. मग यांची रजा त्याला."

गेल्या वर्षी भाऊंनी उत्सवाच्या शेवटच्या रविवारची रजा महिनाभर आधी मंजूर करून घेतली. बदली कारकुनाला पंधरा दिवस शेजारी बसवून काम शिकवलं. जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, "बाई, यंदा काही झालं तरी जायचंच. मुलगी-जावई पावसाळ्यानंतर लांब बदलीच्या गावी चालले. पुढच्या वर्षी सगळे कुठे सापडणार?"

आणि ते सहलीचं पत्रक करायला बसले.

डेपोतल्या जुन्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर लाल-निळ्या रेघा ओढून त्यांनी ते केलं होतं. मी ते पाहिलं आहे. असं काम माझ्या हुशारातल्या हुशार विद्यार्थ्यानेही कधी केलं नसेल. सकाळी साडेआठला भाड्याची जीप इमारतीच्या फाटकाशी. आईंचा, म्हणजे भाऊंच्या आईंचा, हात कोणी धरायचा, तर अकरापर्यंत मुलीने, अकरा ते एक जावयाने, पुढे धाकट्याने. बागेत बाकं कुठे कुठे आहेत याचा नकाशा, म्हणजे आईंना दर वीस मिनिटांनी टेकता येईल. नातीला दूध सव्वादहाला. उन्हात किती वाजता कोणती वाटिका, सावलीत किती वाजता कोणती. धाकटा चिरंजीव कॉलेजात आहे, त्याच्यासमोर लिहिलं होतं, 'राखीव. सामान.'

हे पत्रक भाऊंनी शुक्रवारी संध्याकाळी फ्रिजवर चिकटवलं. चहाच्या निमित्ताने मीही वर होते.

"अरे, तुझं प्रमोशन झालं," मुलगी धाकट्याला म्हणाली. "आजवर नुसता हमाल होतास, आता राखीव हमाल."

"बाबा, मला संप करता येतो का?" धाकट्याने विचारलं.

जावई चष्मा सरसावून आपला रकाना वाचत होता. "मला एक ते दोन विश्रांती आहे. मी त्या वेळात काय करायचं ते लिहिलेलं नाही."

"विश्रांती घ्यायची," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

सगळे खो-खो हसले. कोपऱ्यातल्या खुर्चीत आई बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. त्या हसल्या नाहीत, पण ऐकत होत्या. त्यांना ऐकू उत्तम येतं. फक्त सोयीने येतं.

शनिवारी सकाळी वहिनींनी डब्याची तयारी काढली. काय, किती, हेही पत्रकात होतंच. त्याप्रमाणे त्या काढत गेल्या. पाण्याच्या बाटल्या सहा. उकडलेली अंडी बारा, म्हणजे प्रत्येकी दोन. संत्री सहा. तिथे त्यांचा हात थांबला. बोटांवर मोजलं. सासूबाई, आपण, मुलगी, जावई, नात, धाकटा. सहा झाले.

त्यांनी फ्रिजवरचं पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. सगळ्यांची नावं होती. भाऊंचं नव्हतं. मग त्यांनी कपाटातून तिकिटं काढली. या उत्सवाला तारीख आणि वेळ ठरवून आगाऊ तिकीट काढावं लागतं. भाऊंनी ती पहिल्याच दिवशी खिडकीवर रांग लावून आणली होती. तीही सहाच.

वहिनी पत्रक काढून घेऊन जिना उतरल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. डोळे कोरडे होते. वहिनी रडतात तेव्हा मला एवढी काळजी वाटत नाही.

"हे बघा. रजा दिली असेल कुणाला तरी. आणि सांगायची हिंमत नाही म्हणून पत्रकातूनच कळवलंय. सगळ्यांच्या देखत हसत होते काल. बाई, अठ्ठावीस वर्षं मी काही बोलले नाही. पण यंदा मीही जाणार नाही. त्या फोटोवाल्याला परत तोंड दाखवायचं नाही मला."

"तुम्ही त्यांना विचारलंत का?"

"काय विचारायचं? लिहिलंय की."

डेपोतलं पत्रक बदली कारकुनावर सोपवून भाऊ दुपारी दोनला घरी आले. मी वहिनींबरोबर वर गेले. खरं तर जायला नको होतं, पण त्यांनी माझा हात सोडला नव्हता. वहिनींनी पत्रक टेबलावर पसरलं आणि विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी? म्हणजे काय, मी आहेच की." भाऊंनी चष्मा लावला. बोट पहिल्या रकान्यावरून खाली आलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. ते परत वर गेले आणि पुन्हा वाचू लागले. मी चाळीस वर्षं मुलांना फळ्यासमोर उभं केलं आहे. कोण खोटं बोलतं आहे आणि कोणाच्या पायाखालची जमीन सरकली आहे, हे मला चेहऱ्यावरून कळतं. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं, रजा आहे माझी. मंजूर आहे. हा बघ कागद." त्यांनी खिशातून चारदा घडी घातलेला कागद काढला. "पत्रकात... पत्रकात मी कधी नसतोच गं. करणाऱ्याचं नाव त्यात लिहायचंच नसतं. मी सवयीने..."

"आणि तिकिटं?"

"पत्रक बघूनच काढली."

वहिनींनी रजेचा कागद उलगडून वाचला. राग कुठे ठेवावा हे त्यांना समजेना. ज्या माणसाने आपल्या आईसाठी बाकं मोजली, तो स्वतःला विसरला, यावर रागवायचं तरी कसं?

भाऊ तसेच चप्पल घालून तिकीटखिडकीवर गेले आणि तासाभराने रिकाम्या हाताने परतले. रविवारच्या सगळ्या वेळा भरल्या होत्या.

"खिडकीवरच्या बाईंना सांगितलंत का, काय झालं ते?" मुलीने विचारलं. ती आणि जावई तोवर मुक्कामाला आले होते.

"काय सांगणार? त्यांच्यापुढे यादी होती. यादीत जागा नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं."

"बाबा, तुम्ही माझं तिकीट घ्या," जावई म्हणाला.

"छे! तुझी आईबरोबर अकरा ते एक ड्यूटी आहे."

"मग माझं घ्या," धाकटा म्हणाला. "नाहीतरी मी राखीवच आहे."

"तू गेला नाहीस तर सामान? आणि फोटोत सगळे नकोत का?"

वहिनी म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही सगळे जा. मी राहते घरी यांच्याबरोबर." आवाज शांत होता, पण त्यावर एकदम चारपाच जण बोलायला लागले आणि कुणाचं कुणाला ऐकू येईना. तेवढ्यात कोपऱ्यातून काठी फरशीवर आपटली.

"पेन्सिल आण," आई म्हणाल्या.

"आई, तू थांब जरा..."

"लाल आण. दोघांनी कबूल केलं आणि सह्या केल्या की बदल होतो ना तुमच्या डेपोत? मग माझी ड्यूटी तू घे."

"अगं पण तुझ्यासाठी मी सगळी बाकं..."

"मेल्या, मला विचारलंस का कधी, की तुला यायचंय का?" आईंनी काठी बाजूला ठेवली. "अकरा वर्षं शिंकतेय मी त्या बागेत. फाटकातून आत गेलं की नाक वाहायला लागतं ते घरी येईपर्यंत. फोटोत बघ, प्रत्येक फोटोत माझ्या हातात रुमाल आहे. सगळे म्हणतात, आजींना किती भरून आलंय!"

मग मुलगी उठून शोकेसपाशी गेली, फोटो एकेक करून बघू लागली आणि पोट धरून खाली बसली. अकराही फोटोंत रुमाल होता.

"मग बोलली का नाहीस?" भाऊंनी विचारलं.

"सगळे हौसेने नेता. शिवाय पत्रकात नाव होतं माझं."

आईंनी सही केली. मोठ्या, वाकड्या अक्षरांत. भाऊंनी त्याखाली आपली केली. मग त्यांनी खोडरबर काढलं. आईंच्या बाकांचा नकाशा आता लागणार नव्हता, तो पुसला. आणि अडखळत म्हणाले, "बरं. आता मला सांगा, कुणाला काय बघायचंय?"

हा प्रश्न त्यांनी त्या घरात पहिल्यांदाच विचारला असावा. जावयाने मग हळूच सांगितलं की त्याला फुलांपेक्षा तिथली पाण्याची चक्की बघायची आहे. नातीला बागेतल्या छोट्या आगगाडीत बसायचं होतं. सगळ्यांचं लिहून झालं आणि भाऊ वहिनींकडे वळले.

"तुला?"

वहिनींच्या नावापुढे मूळ पत्रकात काय होतं, ते मी आता नीट पाहिलं. 'डबा. सकाळी साडेआठ ते सायंकाळी पाच.' विश्रांतीचा रकाना सगळ्यांना होता. त्यांच्या रकान्यात एक आडवी रेघ होती.

"मला काही बघायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "मला बसायचंय. तुमच्या शेजारी. अर्धा तास. आणि त्या अर्ध्या तासात कुणाला काही वाढायचं नाही."

भाऊंनी मान खाली घालून लिहिलं. तीन ते साडेतीन. दोन नावं. निळ्या पेन्सिलीने लिहिलं आणि वर लाल रेघ ओढली. डेपोत ती रेघ ज्या गाडीला कुठल्याही कारणाने रद्द करायचं नसतं तिच्यावर ओढतात, हे मला त्यांनीच पूर्वी सांगितलं होतं.

रविवारी साडेआठला जीप निघाली. आई आणि मी गॅलरीतून हात केला. मग आईंनी रेडिओ लावून घेतला, दोन वेळा चहा मागितला, माझ्या सगळ्या नातेवाइकांची चौकशी केली आणि दिवसभरात एकदाही शिंकल्या नाहीत.

पत्रकाप्रमाणे जीप साडेपाचला परत यायची होती. पावणेसहा झाले. सहा वाजले. भाऊंची गाडी पाच मिनिटं उशिरा आली असं कधी कुणी ऐकलेलं नाही. मी दोनदा गॅलरीत जाऊन आले. धाकट्याला फोन लावला, तो लागेना.

"काही झालं नसेल ना?" मी म्हटलं.

आईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"अर्ध्या तासाचं बसणं लांबलं असणार," त्या म्हणाल्या. "बसू द्या. चहा टाका, बाई. आपल्या दोघींचाच."

पावणेसातला जीप आली. धाकटा सगळ्यांत आधी धापा टाकत वर आला आणि तक्रार केली, "आजी, अर्ध्या तासावर आणखी सव्वातास हलले नाहीत बाकावरून! जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. मी बोलवायला गेलो तर बाबा म्हणतात, ही गाडी आज इथून सुटत नाही, राखीव सोड."

मागून वहिनी आल्या. केस वाऱ्याने विस्कटलेले, हातात फोटोचं पाकीट. फोटो त्यांनी आधी आईंच्या हातात दिला. मधोमध भाऊ उभे होते, ताठ, ओळखपत्रावर असतात तसे. कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून ते शेजारी वहिनींकडे बघत होते.

"फोटोवाल्याने विचारलं का काही?" मी म्हटलं.

"विचारलं ना. म्हणे, ताई, हे कोण?"

"मग?"

"म्हटलं, आजींच्या जागी बदली आलेत," वहिनी म्हणाल्या आणि शोकेस उघडून बाराव्या फोटोसाठी जागा करू लागल्या.