भावोजींचा दात

देवानं माणूस मातीचा घडवला, एवढ्यापुरते आमचे भावोजी देवाला पैकीच्या पैकी मार्क द्यायला तयार होते. पण घडवताना त्या मातीला कुठेतरी एखादा धातू पक्का जोडून ठेवायचं देवाला सुचलं नाही, याबद्दल त्यांचा देवावर कायमचा राग होता. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायचे मुलुंडला आणि कामाला जायचे अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात. ऐंशी सालानंतरचे ते दिवस. त्या कारखान्यात एका भारी जातीच्या चिनी मातीच्या पांढऱ्याशुभ्र नळ्यांना धातूच्या टोप्या जोडत. स्क्रू नाही, डिंक नाही. चांदी-तांब्याचा रस दोघांच्या मधे सोडायचा आणि तो निवला की जन्माची गाठ. अडचण एकच होती. हा रस धातूवर छान पसरतो, पण मातीवर पडला की अंग चोरून गोळा होऊन बसतो, अळवावरच्या पाण्यासारखा. त्यात चिमूटभर टायटॅनियम घातलं की मात्र तोच रस मातीला बिलगतो. हे गुपित भावोजी कुणालाही, कुठेही, न विचारता सांगत. माझ्या साखरपुड्यात त्यांनी ते माझ्या सासऱ्यांना सांगितलं. सासऱ्यांनी घरी गेल्यावर सासूबाईंना एवढंच विचारलं म्हणे, "त्या घरात सगळेच असे आहेत का गं?"

थेंब पसरतो की गोळा होतो, यापलीकडे भावोजींना जगात काही पाहण्यासारखं वाटत नसे. जेवायला बसले की आधी आमटीचा एक थेंब ताटाच्या काठावर टाकायचे, खिशातलं भिंग काढायचे आणि गाल ताटाला टेकवून तो थेंब काठाशी केवढा कोन करतो ते पाहायचे. आमटी निवून जायची. ताईच्या कपाळावरचा घामसुद्धा त्यांनी तिला सुखानं पुसू दिला नाही. "थांब गो, पुसू नको, कोन बघूक दे," म्हणत ते भिंग घेऊन पुढे सरसावायचे आणि ताई तशीच, हातात लाटणं धरून, कोन बघून होईपर्यंत उभी राहायची. स्वच्छतेचं वेड तर विचारू नका. बोटाला तेल असतं, ते जोडाच्या जागी लागलं की रस चिकटत नाही, हा कारखान्यातला नियम त्यांनी घरादाराला लावला होता. ते कपसुद्धा चिमट्यानं उचलायचे. सत्यनारायणाच्या प्रसादाला हात पुढे करण्याऐवजी त्यांनी एकदा चिमटा पुढे केला, तेव्हा भटजींनी प्रसाद परत तबकात ठेवला होता.

आणि निवण्याबद्दलचे त्यांचे विचार तर फारच पक्के होते. "जोड तापताना नाय मोडत रे. निवताना मोडता," असं ते मला बजावायचे. माती आणि धातू तापताना वेगवेगळ्या मापानं फुगतात आणि निवताना वेगवेगळ्या मापानं आकसतात, म्हणून सगळं कसं हळूहळू निवू द्यायचं. त्यामुळे त्यांच्या घरी चहाचा कप टॉवेलात गुंडाळून पुढे यायचा. एकदा त्यांना मलेरिया झाला, ताप चढला, ताई मिठाच्या पाण्याची घडी घेऊन आली, तर हे अंथरुणात उठून बसले आणि ओरडले, "एकदम थंड करू नको! तडकेन मी!"

अशा माणसाला मुलगी होती, आणि मुलगी आहे म्हटल्यावर कधीतरी तिचं लग्न निघणारच. नीलू माझी एकुलती एक भाची, शहाणी, बापावर जीव टाकणारी, पण चारचौघांत बाप बोलायला लागला की पदराशी चाळा करत जमिनीकडे बघणारी. बोरिवलीचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घरची माणसं थोडी ताठ, बोलणं मोजकं. पोहे संपेपर्यंत भावोजी गप्प होते. मग त्यांनी मुलाच्या वडिलांना गंभीरपणे विचारलं, "तापल्यावर तुमचा मुलगा साधारण किती फुगतो?" त्या गृहस्थांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "आमचा मुलगा तापट नाही, साहेब." भावोजींना हे उत्तर इतकं पसंत पडलं की लग्न तिथल्या तिथे ठरलं.

त्या रात्री नीलूनं बापाचा हात धरला. मी तिथेच होतो. ती म्हणाली, "बाबा, ती माणसं वेगळी आहेत हो. मला तिथे जन्म काढायचाय. माझ्या लग्नात फक्त एक दिवस चारचौघांसारखे वागा ना. भिंग नको, चिमटा नको, कारखाना नको. प्लीज." भावोजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही चिमट्याशिवाय, आणि "वचन" म्हणाले. पोर किती घाबरली होती हे त्या दिवशी मला कळलं.

मग आमच्या घरी केळवण झालं. माझ्या बायकोनं हौसेनं मालवणचे खडखडे लाडू मागवले होते. हे लाडू चावायचे नसतात, फोडायचे असतात, हे जन्मानं मालवणी असलेल्या माणसाला सांगायला नको. पण भावोजी त्या वेळी लाडवावर पाकाचा थर कसा पसरलाय याच्या विचारात होते. त्यांनी तो सरळ पुढच्या दातांनी चावला आणि कट्कन आवाज झाला. लाडू शाबूत होता. दात आधीच हलत होता, असं माझी बायको अजून म्हणते.

पुढचा दात गेला आणि लग्न तोंडावर आलं. "बाबा, आजच्या आज डेंटिस्टकडे जा," नीलूनं फर्मान काढलं. भावोजी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, संध्याकाळी आले, आणि दोन-चार दिवसांनी त्यांच्या तोंडात नवा दात झळकू लागला. झळकू लागला म्हणजे अक्षरशः. न्हाणीघरातल्या टाइल्सना लाजवेल असा पांढरा. नीलूचा जीव भांड्यात पडला. मला मात्र भावोजींनी गॅलरीत ओढलं आणि कानात सांगितलं, "डेंटिस्टचो बाप करूचो नाय असो केलंय!" कारखान्यातल्या मातीचा एक तुकडा हिऱ्याच्या चाकावर घासून त्यांनी दात कोरला होता, शेजारच्या दातांना धरेल अशी धातूची क्लिप त्याला चांदीच्या रसानं जोडली होती, आणि कारखान्याच्या भट्टीत, खऱ्या मालाच्या रांगेत, तो दात बसवून भाजून काढला होता. वर गळती तपासायच्या यंत्रावरही चढवला होता. "हेलियम वायूसुद्धा आरपार जात नाय!" ते छाती फुगवून म्हणाले. तोंडातून हेलियम जातो कधी, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पण जात नाय ना?"

लग्न मुलुंडच्याच एका हॉलमध्ये होतं. खरं सांगायचं तर भावोजी त्या दिवशी दृष्ट लागण्यासारखे वागले. रेशमी कोट, जरीची टोपी, कुणाच्याही ताटावर गाल टेकवला नाही. मी मामा, म्हणून नवरीच्या पाठीशी उभा. समोर अंतरपाट, पलीकडे नवरा. मंगलाष्टकं सुरू झाली आणि भटजींनी रीतीप्रमाणे माइक मुलीच्या वडिलांपुढे केला. भावोजींनी गणपती म्हटला, नद्या म्हटल्या, सगळं चारचौघांसारखं. पण शेवटच्या ओळीला त्यांना राहवलं नाही. खणखणीत आवाजात, वृत्तात एक मात्रा न चुकवता त्यांनी घातलीच: "चांदी वाहुनि जोडते जड जगा, कुर्यात् सदा मङ्गलम्!" नीलूचे खांदे माझ्या हाताखाली आखडले. पाठोपाठ त्यांनी सगळा जोर लावून "शुभमंगल सावधान" म्हटलं, आणि त्या 'धा'बरोबर दात सुटला, अंतरपाटाला आपटला आणि खाली पडला. त्याच क्षणी चारी बाजूंनी अक्षता पडल्या.

पांढऱ्या तांदळात पांढरा दात! "थांबा! कुणी पाय उचलू नका!" भावोजी माइकवरून गरजले. वाजंत्री थांबली. कुणीतरी म्हणालं हिऱ्याची कुडी हरवली, की बायकांनी आपापले कान चाचपले आणि निम्मा हॉल ओणवा झाला. भटजी "मुहूर्त, यजमान, मुहूर्त!" म्हणत घड्याळ दाखवत होते. मुलाचे वडील, तेच ते ताठ गृहस्थ, पगडी सांभाळत गुडघ्यांवर बसून तांदूळ चिवडत होते. शेवटी अंतरपाटाखालून नवरदेवालाच तो सापडला. पाटाशी सांडलेलं कुंकू लागून लालभडक झालेला. मुलाच्या आत्यानं ते पाहिलं आणि "रक्त!" म्हणून खुर्चीत बसकण मारली. नवरदेव तो दात दोन बोटांत धरून सासऱ्यांना द्यायला गेला, तर भावोजी किंचाळले, "बोट लावू नको!" जावयाला मांडवात त्यांनी उद्देशून म्हटलेले हे पहिले शब्द. मग कोटाच्या आतल्या खिशातून भिंग निघालं. भावोजींनी दात उजेडात धरला, निरखला आणि त्यांचा चेहरा फुलून आला. "सुटूक नाय! सांधो सुटूक नाय! नुसती क्लिप निसटली!" हे माइकवरूनच.

नीलू मागे न वळता मला म्हणाली, "मामा, मला लवकर इथून न्या." तिचा आवाज ऐकून माझं हसू जागच्या जागी विरलं.

पाठवणीच्या वेळी ती ताईच्या गळ्यात पडून रडली, माझ्या गळ्यात पडून रडली. बापाला वाकून नमस्कार केला आणि काही न बोलता गाडीत बसली. भावोजी तोंड मिटून उभे होते. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावरही ते तिथेच होते. ताईनं त्यांच्या दंडाला धरून घरात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता ते घाटकोपरच्या एका डेंटिस्टकडे गेले. डेंटिस्टनं रीतसर माप घेऊन रीतसर दात बसवला, बाकीच्या दातांच्याच रंगाचा, जरा पिवळट. कुणाला वेगळा ओळखू येणार नाही असा. त्या दिवसांत मी दोनदा जेवायला होतो. आमटी आली, भावोजींनी ती भातावर घेतली आणि गरम असतानाच जेवले. ताई माझ्याकडे बघत होती, मी ताटाकडे बघत होतो. मला फार चुकल्यासारखं वाटलं.

मांडवपरतणीला नीलू आली ती दारातूनच हसत. "बाबा कुठायत?" चपला काढता काढता सांगायला सुरुवात. त्या घरी पहिले दोन दिवस कुणी एकमेकांशी धड बोलेना, हिलाही घास गिळेना. तिसऱ्या दिवशी जेवताना तिच्या सासऱ्यांनी एकाएकी चमचा माइकसारखा तोंडापुढे धरला आणि भावोजींच्या आवाजात "कुणी पाय उचलू नका!" म्हणाले. सासूबाईंना ठसका लागला, नवऱ्याच्या नाकात ताक गेलं, आणि हिला हसता हसता रडू फुटलं तसं सासूबाईंनी जवळ घेतलं. "तेव्हापासून रोज कुणी ना कुणी ती गोष्ट ऐकायला येतं, बाबा! सगळ्यांना तो दात बघायचाय. रविवारी तुम्ही तो लावून या. भिंगपण आणा."

भावोजी आतून आले होते. ते हसले आणि तो नवा, चारचौघांसारखा दात तिला दिसला. नीलूचं हसू थांबलं. ती जवळ गेली, हनुवटीला धरून तिनं त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि तिचे डोळे भरून आले.

"हा काढा ना, बाबा. तो लावा."

भावोजींनी अंगठ्यानं दात हलवून पाहिला. जोर लावून पाहिला. मग तिची नजर चुकवत हळूच म्हणाले, "निघूचो नाय गो आता. पक्को बसलोसा." एखादा जोड पक्का बसल्याचं त्यांना वाईट वाटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.