शेजाऱ्यांचा ॲम्प

शेजाऱ्यांना मी कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो, तेव्हा त्यांच्या कानांना काही झालेलं नाही हे मला माहीत होतं. बिघडला होता तो त्यांचा ॲम्प, आणि तो मी बिघडवला होता.

आम्ही जर्मनीत, वाल्डॉर्फजवळच्या एका गावात राहतो. कुंपणापलीकडे एक निवृत्त जोडपं आहे. ते गृहस्थ तरुणपणापासून इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. गावातल्या चार म्हाताऱ्यांचा त्यांचा बँड, गावच्या केर्वेला, म्हणजे जत्रेला, दरवर्षी वाजवायचा. त्यांचा ॲम्प, म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर, जुन्या रेडिओसारखा, काचेच्या ट्यूबांचा. एका कारागिराने असे मोजकेच ॲम्प हाताने बनवले आणि मग काम थांबवलं. कोणी नक्कल करू नये म्हणून त्याने आतल्या सर्किटवर इपॉक्सीचा जाड काळा लेप ओतून ठेवला होता. त्या लेपाखाली काय आहे यावर जगभरचे हौशी लोक इंटरनेटवर वाद घालतात. त्यात मीही होतो. गिटार मला कधीच बरी वाजवता आली नाही, पण पुण्यात इंजिनिअरिंगला असल्यापासून ॲम्प बनवायचं वेड होतं.

कंबरेच्या ऑपरेशननंतर ते काही आठवड्यांसाठी रेहाला, म्हणजे पुनर्वसन केंद्रात, निघाले, तेव्हा ॲम्प माझ्याकडे देऊन गेले.

"एक ट्यूब खरखरतेय, तेवढी बदल. बाकी कशाला हात लावू नकोस."

"गेनाऊ, अगदी तसंच," मी म्हणालो.

ट्यूब त्याच संध्याकाळी बदलून झाली. ॲम्प मात्र केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या, माझ्या टेबलावर उघडाच राहिला. एकच कोपरा बघू, असं स्वतःला सांगून मी हॉट एअर गन लावली. लेप मऊ झाला, की लाकडी काडीने खरवडायचा. कोपऱ्यावर थांबलो नाही, हे सांगायला नकोच. बायकोने वरून विचारलं, "कसला वास येतोय रे?" मी म्हणालो, "सोल्डरचा."

सगळं सर्किट मोकळं झालं. प्रत्येक भाग मोजून मी कागदावर उतरवला. खरवडताना एका कपॅसिटरचा पाय तुटला, म्हणून त्याच मापाचा नवा बसवला. बाकीच्या भागांना किती उष्णता लागली असेल, याचा विचार केला नाही. मग नवा काळा इपॉक्सी मागवला आणि सगळ्यावर पुन्हा ओतला. अगदी पहिल्यासारखा दिसला. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही लिहून ठेवतो.

ते परतले. ॲम्पपाशी नाक नेऊन म्हणाले, "तुमच्या घरी राहून याला फोडणीचा वास लागलाय." मग गिटार जोडली, दोन-तीनदा तारा छेडल्या आणि थांबले. बटणं फिरवली, पुन्हा वाजवलं.

"वरच्या पट्टीतलं काहीतरी गेलंय," ते म्हणाले. "तुला ऐकू येतंय?"

मला ऐकू येत होतं. सूर पातळ झाला होता. मी म्हणालो, "मला तर पूर्वीसारखाच वाटतोय."

"मग माझे कान गेले."

"माझं बोलणं त्याला कधीच ऐकू येत नाही," त्यांची बायको म्हणाली. "आता गिटारची पाळी."

ते हसले. मीही हसलो.

डॉक्टरकडे त्यांना मी नेलं, कारण त्यांना अजून गाडी चालवायची परवानगी नव्हती. वयाच्या मानाने वरच्या पट्टीतलं थोडं कमी ऐकू येतंय, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी घट्ट धरून बसलो. खरंच कान असतील, कपॅसिटरने काय होतंय, असं स्वतःला पटवत राहिलो. त्यांनी बँड सोडला, गिटार भिंतीवर टांगली. इकडे मी केलरमध्ये, उतरवलेल्या कागदावरून, त्यांच्या ॲम्पची नक्कल पुरी करत होतो.

ती तयार झाली त्या दिवशी मी गिटार जोडून त्यांच्या नेहमीच्या गाण्याची चार स्वरांची सुरुवात वाजवली. उन्हाळ्यात कुंपणापलीकडून यायचा तोच सूर. बायको जिन्यात येऊन उभी राहिली.

"ते परत वाजवायला लागले का?" तिचा चेहरा खुलला होता.

"नाही. मी वाजवतोय."

ती टेबलावरच्या उघड्या पेटीकडे आणि कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचे कान…"

"ठीक असावेत."

"उद्या तू जातोस की मी जाऊ?"

मी गेलो. नक्कल हातात घेऊनच गेलो आणि दिवाणखान्यात उभ्याउभ्या सगळं सांगितलं. लेप, कपॅसिटर, नवा इपॉक्सी.  त्यांनी भिंतीवरची गिटार काढली, माझ्या ॲम्पला जोडली आणि बराच वेळ वाजवलं. गिटार मांडीवरच ठेवून ते म्हणाले,

"आल्झो, म्हणजे कान ठीक आहेत."

"हो."

"डॉक्टरकडे तू माझ्या शेजारी बसला होतास."

"हो."

"मासिक वाचत होतास."

 मी म्हणालो, "हा तुमच्याकडेच राहू द्या."

"चांगला बनवलायस," ते म्हणाले. "पण केर्वेला आता दुसरा माणूस वाजवणार. तो मीच शोधून दिलाय, मीच त्याला शिकवलंय. आता त्याला काय सांगू?"

मग त्यांनी स्वतःच्या ॲम्पकडे बोट दाखवलं. "हा खाली केलरमध्ये नेऊन ठेव. मला वजन उचलायची अजून परवानगी नाही."

मी तो खाली नेला. कुठे ठेवायचा ते त्यांनी जिन्यावरून सांगितलं: मागे, रंगाच्या डब्यांपाशी. वर आलो, तर त्यांच्या बायकोने माझा ॲम्प बाहेरच्या दारापाशी सरकवून ठेवला होता, वायर नीट गुंडाळून.