धोंड्याच्या जेवणाला डावा पाय

ट्रकच्या धडकेत माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. तेव्हापासून रबरी पाय लावतो, अपंगांची शिबिरं घेतो, पत्रकं वाटतो. मथळा माझाच, ‘पाय गेला, लाज कशाची?’ केदारखेड्याच्या शिबिरात एका बाईनं साडीखाली पाय लपवला, तर मी माईकवरून ओरडलो, “लपवता कशाला? दाखवा!” टाळ्या पडल्या.

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. सासरवाडी अंबडची. धोंड्याचं आवतण म्हणजे सासू-सासरे परातीत जावयाचे पाय धुणार, कुंकू लावणार, मगच पुरणाचे धोंडे वाढणार. पाय रबरी आहे हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. पाहिला मात्र कुणीच नव्हता. खोलीचं दार लावल्याशिवाय मी मोजा काढत नसे.

बायकोला म्हणालो, “ताप आलाय म्हणून सांग.”

“तुमचं तुम्हीच सांगा. मी न्हाई खोटं बोलणार.”

शेवटी अंबडला गेलो. मला खाली बसायला जड जातं म्हणून खुर्ची मांडली होती. सासऱ्यांनी पाणी सोडलं, सासूबाईंनी उजवा पाय धुतला. हात डाव्याकडे आला आणि मी पाय झटकन खुर्चीखाली ओढला.

“राहू द्या मामी. भिजला तर खराब होतो.”

मेहुणी मोबाईल धरून उभी होती. “काहून खोटं बोलून राह्यले दाजी? तुमच्याच पत्रकात हाय की, बिनधास्त भिजवा, चिखलात बी चालतो!”

“एका पायाला मान अन् दुसरा उपाशी? हे बराबर न्हाई जावईबापू,” चुलत सासरे म्हणाले. सगळे हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. ओंजळीत पाणी धरून तशाच वाकून होत्या.

“दुखतं का तिथं?”

“न्हाई. तिथं काहीच कळत न्हाई.”

“मंग द्या इकडं.”

मोजा काढला. रबराच्या बोटांमध्ये फट नसते, नुसत्या रेघा असतात. सासूबाईंचा अंगठा फट शोधत राहिला. मग त्यांनी पदरानं पाय पुसला आणि कुंकू लावलं. रबराला काही कळत नव्हतं, पण हाताचा दाब माझ्या गुडघ्यात पोचत होता. मी वर पंख्याकडे बघत बसलो. ‘मानसिक पुनर्वसन’ हा शब्द मी भाषणात सर्रास वापरतो. दुसऱ्यांसाठी.

जेवणं झाल्यावर मेहुणी आली. “दाजी, मस्त फोटो आलाय. ग्रुपवर टाकू?”

आम्ही शिबिरात पाय बसवून घेणाऱ्यांचे फोटो काढतो, पत्रकावर छापतो. कुणाला विचारत नाही. हिनं निदान विचारलं.

“खालून काप,” मी म्हणालो.

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. थट्टा केली नाही, गुपचूप कापला. ग्रुपवर तो फोटो अजून आहे. मी खुर्चीवर ताठ बसलोय, सासूबाई समोर वाकल्यात, हात खाली गेलेत. हातात काय आहे ते दिसत नाही.